व्याह्यांचा दुसरा भाग

होणाऱ्या व्याह्यांच्या खडाजंगीवर बेतलेल्या विनोदी चित्रपटाचा दुसरा भाग आला की त्याच्याबद्दल फारसे कोणी मनापासून लिहीत नाही. पहिल्याला पैसा मिळाला म्हणून दुसरा काढला, एवढ्यावर त्याची बोळवण होते. मला हे मान्य नाही. इतर विनोदी चित्रपटांचे काहीही असो, या एका प्रकारात दुसरा भाग हाच खरा चित्रपट असतो असे माझे ठाम मत आहे. आमच्या कोकणात सोयरीक ही दोन माणसांची कमी आणि दोन घरांची, कधीकधी दोन अख्ख्या वाड्यांची जास्त असते, त्यामुळे इथल्या माणसाला तरी हे पटवून द्यायला फार वेळ लागू नये.

उदाहरण सर्वांच्या ओळखीचे घेते. ‘मीट द पेरेंट्स’ 2000 साली आला. जे रोच दिग्दर्शक, रॉबर्ट डी नीरो मुलीचा बाप आणि बेन स्टिलर होणारा जावई. बाप जॅक हा सीआयएमधून निवृत्त झालेला अधिकारी, तर मुलगा ग्रेग हा रुग्णालयात नर्सचे काम करणारा. पुरुषाने ते काम करावे हेच त्या घराला पचत नाही, आणि बाप त्याला चक्क खोटे पकडणाऱ्या यंत्रापुढे बसवतो. चित्रपट मजेदार आहे, परंतु सगळा खेळ एकतर्फी आहे. घर मुलीच्या बापाचे, नियम मुलीच्या बापाचे, लाडके मांजरसुद्धा मुलीच्या बापाचे. ग्रेगच्या पाठीशी त्याचे स्वतःचे असे कोणीच उभे नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाटावर बसवून मुलीची परीक्षा घेतली गेली. इथे मुलाची घेतली जाते म्हणून गंमत वाटते, पण शेवटी परीक्षा ती परीक्षाच. परीक्षा घेणारा आणि देणारा यांच्यात भांडण होऊ शकत नाही, कारण एकाच्या हातात सगळे असते आणि दुसऱ्याच्या हातात काहीच नसते.

चार वर्षांनी, 2004 च्या डिसेंबरात, ‘मीट द फॉकर्स’ आला आणि त्याने नेमकी हीच उणीव भरून काढली. या वेळी जॅक आणि त्याची पत्नी आपल्या बंदोबस्तातल्या मोठ्या मोटारघरातून मुलाच्या आईवडिलांना भेटायला फ्लोरिडात जातात. घर बदलले आणि घराबरोबर यजमान आणि पाहुणा यांच्या जागाही बदलल्या. मुलाचा बाप बर्नी म्हणजे डस्टिन हॉफमन. हा वकिली सोडून मूल वाढवण्यासाठी घरी राहिलेला माणूस आहे. आई रॉझ म्हणजे बार्ब्रा स्ट्रायसंड. उतारवयातल्या जोडप्यांना शरीरसंबंधांविषयी सल्ला देणे हा तिचा व्यवसाय. जो जॅक स्वतःच्या घरात सर्वांची झडती घेत होता, त्याला आता दुसऱ्याच्या ताटात जेवायचे आहे, दुसऱ्याच्या रीतीने वागायचे आहे आणि मिठी मारायला धावून येणाऱ्या व्याह्याला नको म्हणायची सोय नाही. पहिल्या भागाने जगभरात सुमारे 33 कोटी डॉलर मिळवले होते, दुसऱ्याने सुमारे 52 कोटी मिळवले. ही वाढ केवळ जाहिरातीची असेल असे मला वाटत नाही. हॉफमन आणि स्ट्रायसंड यांच्या नावाने लोक आले असतील हे खरे, पण जगातल्या कोणत्याही घराला ओळखीचे वाटेल असे काहीतरी त्या चित्रपटात होते.

त्यातला एक प्रसंग मी अनेकांना पुन्हा पाहायला सांगते. बर्नीने आपल्या मुलाने लहानपणापासून मिळवलेल्या फिती आणि पदके एका भिंतीवर हौसेने मांडून ठेवली आहेत, आणि त्यांत नवव्या क्रमांकाची फीतसुद्धा आहे. जॅकला ते पाहवत नाही. नवव्या आलेल्या मुलाचे कौतुक करायचे म्हणजे त्याला आयुष्यभरासाठी लुळे करायचे, असे त्याचे मत. बर्नीचे मत असे की मुलाने धाव घेतली यातच आनंद आहे. दोघांच्याही मताला आधार आहे, दोघांनीही आपापले मूल त्याच मताने वाढवले आहे, आणि त्या दोन मुलांनी एकमेकांना पसंत केले आहे. जॅकचा लहानगा नातू त्याच घरात रांगतो आहे आणि त्याला रडू द्यावे की उचलून घ्यावे यावरूनही दोन्ही घरांचे पटत नाही. व्याह्यांचे खरे भांडण हे असे असते. मानपान, आहेर, जेवणावळ ही निमित्ते झाली. त्यांच्या खाली एकच प्रश्न धुमसत असतो, की मूल कोणी बरोबर वाढवले.

आता याद्यांच्या बैठकीविषयी लिहिते, कारण हा विनोद कशावर उभा राहतो ते तिथे दिसते. माझ्या भाचीची सोयरीक कोल्हापूरकडे जुळली, तेव्हा तिकडची मंडळी फोंडा घाट उतरून मालवणात माझ्या बहिणीकडे आली होती. पडवीत सतरंजी अंथरलेली, मध्ये पानसुपारीचे तबक, आणि एका फुलस्केप कागदावर मधोमध रेघ मारून डावीकडे वरपक्ष, उजवीकडे वधूपक्ष असे लिहिलेले. पोशाखापासून मंगलाष्टकांच्या भटजींपर्यंत सगळे बिनतक्रार उतरवले गेले, आणि तारखेपाशी येऊन गाडी अडली. माझे भावोजी आंब्याचे बागायतदार, त्यांना एप्रिल-मे मध्ये मान वर करायला फुरसत नसते. व्याही ऊस लावणारे, त्यांचा हिवाळा तोडणीच्या टोळ्यांमागे आणि कारखान्याच्या फेऱ्यांत जातो. जून उजाडला की घाटात पाऊस. दोघेही खरे बोलत होते, दोघेही अतिशय गोड आवाजात बोलत होते, आणि दोघांच्याही बायका आपापल्या नवऱ्याकडे न बघता एकमेकींकडे बघत होत्या. शेवटी तुळशीचे लग्न झाल्याबरोबरचा मुहूर्त धरला गेला आणि तो दोघांनाही अडचणीचाच होता.

त्या दिवशी जेवायला पेडवे होते. मुलाच्या आईला मटणाची सवय, एवढ्या बारीक काट्यांचा मासा त्यांनी कधी ताटात घेतला नव्हता, आणि तसे सांगणे त्यांना अवघड वाटत होते. माझी बहीण वाढता वाढता थांबली, त्यांच्या शेजारी बसली आणि म्हणाली, “विहीणबाई, शेपटीकडून धरा नि काटा सरळ वर उचला, अख्खा निघतो.” त्यांनी उचलला, तो अर्ध्यात मोडला, आणि त्या बैठकीत पहिल्यांदाच दोघी मोकळेपणी हसल्या. मला असे प्रसंग पडद्यावर हवे असतात.

या सगळ्याला धार येते ती एका गोष्टीने. याद्या झाल्या पण अक्षता पडल्या नाहीत अशा त्या काळात काहीही मोडू शकते. नाते जुळलेले आहे म्हणून उघड भांडता येत नाही, आणि पक्के झालेले नाही म्हणून निर्धास्तही होता येत नाही. प्रत्येकाला गोड बोलावे लागते, आणि गोड बोलणाऱ्या माणसाच्या पोटात काय चालले आहे हे प्रेक्षकाला दिसते, त्यातून हसू येते. आपल्या पूर्वजांना ही गोष्ट चांगली ठाऊक होती. सीमांतपूजनात व्याह्याला गावच्या वेशीवर मान देणे, लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळणे, जावयाने रुसणे आणि त्याची समजूत काढणे, पंगतीत विहिणीला चिमटे काढणारी गाणी म्हणणे, हे सारे रुसव्याफुगव्याला ठरवून दिलेली जागा करून देण्यासाठीच होते. ज्यांच्या मनात खरोखरच काही सलत असेल त्यांना ते गाण्यातून बोलता येई आणि समोरच्याला ते हसून घ्यावे लागे.

म्हणूनच तिसरा भाग बहुधा फसतो. ‘लिटल फॉकर्स’ 2010 साली आला, दिग्दर्शक बदलून पॉल वाइट्झ झाला, आणि जॅक-ग्रेग यांचे लग्नानंतरचे, मुलेबाळे झाल्यावरचे आयुष्य त्यात दाखवले. हॉफमनच्या वाट्याला मोजकेच प्रसंग आले. मिळकत उतरून सुमारे 31 कोटी डॉलरवर आली. आता मोडण्यासारखे काही उरलेच नव्हते, मग संशय आणायला बाहेरून एक बाई आणावी लागली. दुसऱ्या भागालाही मी दोष देते. त्यात शेवटी जॅकलाच वाकायला लावले आहे आणि बर्नी-रॉझ यांचे सहसा काही चुकत नाही. तराजू एकदा एका बाजूला झुकला की विनोदाची जागा शिकवण घेते, आणि तसे तिथे थोडे झाले आहे.

‘माय बिग फॅट ग्रीक वेडिंग’ हे याच दुखण्याचे दुसरे उदाहरण. 2002 च्या त्या चित्रपटात मुलगा शाकाहारी आहे असे कळल्यावर ग्रीक मावशी म्हणते की हरकत नाही, मी कोकरू करते. हा संवाद ऐकून कोकणातले कोणतेही घर हसेल, कारण “मांस नाही ना खात? मग मासे घ्या” असे आपणही कित्येकांना म्हटलेले असते. मुलाचे अबोल, नेमस्त आईवडील त्या आरडाओरड करणाऱ्या गोतावळ्यात कसे अवघडून बसतात, यातच त्या चित्रपटाचा जीव आहे. सुमारे 50 लाख डॉलरमध्ये तयार झालेल्या त्या चित्रपटाने 36 कोटींहून अधिक मिळवले. परंतु 2016 च्या दुसऱ्या भागात त्या अबोल व्याह्यांना जवळजवळ बाजूलाच ठेवले आणि कथा एकाच घराच्या आत फिरत राहिली. हातातले सोने टाकून दिल्यासारखे झाले ते.

याउलट 2014 मध्ये आलेल्या एका फ्रेंच चित्रपटात धाकट्या मुलीचा कॅथलिक बाप आणि होणाऱ्या जावयाचा आफ्रिकेतून आलेला बाप या दोघांनाही ते लग्न सारख्याच जोराने नको असते. मासे गळाला लावायला दोघे एकत्र जातात आणि तिथून त्यांचे सूत जुळते. समसमान आडमुठेपणा असल्यामुळे तिथे कोणीही लहान दिसत नाही. माझ्या दृष्टीने या प्रकारातली ती सर्वांत न्याय्य मांडणी आहे.

मराठीत आपल्याकडे ‘मुंबई-पुणे-मुंबई’ होता. 2010 च्या पहिल्या भागात पडद्यावर जवळजवळ केवळ दोघेच, मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी. 2015 च्या दुसऱ्या भागात सतीश राजवाडे यांनी दोन्ही घरे आणली, प्रशांत दामले यांच्यासारखे नट आणले, आणि मी फार आशेने तो पाहिला. पण ती दोन्ही घरे इतकी समंजस की अडचण उभी राहते ती नायिकेच्या मनात. त्या मनाची घालमेल मुक्ता बर्वेने सुरेख दाखवली आहे हे मान्य करून सांगते, की दोन व्याह्यांना समोरासमोर बसवण्याची चांगली संधी तिथे हुकली. 2018 च्या तिसऱ्या भागात तर कथा बाळाच्या आगमनाकडे वळली.

कोकणातला व्याही मराठी विनोदी चित्रपटात येतो तेव्हा काय होते, याची मला खरी चीड आहे. तो हेल काढून बोलतो, कवडीचा हिशेब करतो, कोर्टकचेरीच्या गोष्टी सांगतो, आणि त्याने तोंड उघडताच समोरच्याने हसायचे असा जणू नियम झाला आहे. ‘वस्त्रहरण’मध्ये गंगाराम गवाणकर यांनी लिहिलेली आणि मच्छिंद्र कांबळी यांनी रंगवलेली माणसे मालवणी बोलत होती, लोक पोट धरून हसत होते, पण ते हसू त्या माणसांच्या हट्टाचे, फजितीचे आणि हजरजबाबीपणाचे होते. हेलाला हसणे ही वेगळी गोष्ट आहे, त्यात लिहिणाऱ्याची काही मेहनत नाही. घाटावरच्या व्याह्याच्या रांगड्या बोलण्याला हसवून घेणारेही हेच करतात आणि तेही तितकेच वाईट.

माझ्या मनात एक चित्रपट आहे, तो कोणीतरी करावा. पहिल्या भागात मुलगा वरघाटाकडून एकटा खाली येईल आणि मुलीच्या घरी पडवीत बसून परीक्षा देईल. दुसऱ्या भागात मुलीचे आईवडील आंब्याच्या पेट्या घेऊन घाट चढतील, तांबड्या रश्श्यापुढे बसतील, आणि त्यांना तिथे काय जमत नाही हे आपण पाहू. बापाला आपल्या बागेचा अभिमान असेल, व्याह्याला आपल्या उसाचा, आणि लिहिणाऱ्याने दोघांच्या तोंडी सारखीच चांगली वाक्ये घालावीत. विहिणींना केवळ डोळे पुसायला आणि ताटे वाढायला ठेवू नये, कारण सोयरीक तुटू न देण्याचे काम बहुतेक घरांत त्याच करतात. मंगलाष्टके संपली, अक्षता पडल्या, की चित्रपट तिथेच थांबवावा आणि तिसऱ्या भागाची घोषणा करू नये.