आईच्या कवळीचं बिल

मागच्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर चुलतभावाने आईच्या कवळीच्या बिलाचा फोटो टाकला, 32 हजार रुपये, आणि खाली लिहिलं, "ताई, तुमका थंय दातांचो खर्च टॅक्सात वजा करून गावता, आमका हय काय गावता?" तो कुडाळला अकाउंटचं काम करतो, लोकांचे रिटर्न भरून देतो, त्यामुळे त्याचा राग नुसता ऐकीव नाही. त्याच्यावर वहिनी, ती शाळेत शिकवते, ती म्हणाली की टॅक्सच्या नव्या रिजीममध्ये, म्हणजे बहुतेक वजावटी नसलेल्या नव्या पद्धतीत, 12 लाखांपर्यंत टॅक्सच नाही, मग वजावटी हव्यात कशाला, कागद जपत बसायचे दिवस गेले. दोन दिवस हेच चाललं आणि मध्ये मध्ये सगळे मला विचारत होते की तुमच्या कॅनडात नक्की कसं असतं ते सांग. ग्रुपवर एवढं लांब लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

मी ओंटारिओत डेकेअरमध्ये काम करते, नवरा कॉन्ट्रॅक्टवर आहे, दोघांच्याही कामात डेंटल बेनिफिट, म्हणजे नोकरीतून मिळणारा दातांचा विमा, नाही. इथे डॉक्टरकडे गेलं तर सरकारी कार्ड चालतं पण दातांच्या साध्या दवाखान्यात ते कार्ड चालत नाही, हे बऱ्याच लोकांना घरी माहीतच नसतं, त्यांना वाटतं परदेशात सगळं फुकट. 2024 मध्ये माझ्या एका दाढेचं रूट कॅनल आणि कॅप मिळून 2,900 डॉलर खिशातून गेले. त्याच वर्षी जानेवारीत वेंगुर्ल्याला आले होते तेव्हा दुसऱ्या बाजूची दाढ तिथेच करून घेतली, फिलिंग वगैरे धरून 18 हजार रुपये, म्हणजे साधारण 295 डॉलर. एकूण झाले 3,195.

आता टॅक्सचं ऐका. हा सगळा खर्च परत मिळत नाही. आपल्या उत्पन्नाच्या 3 टक्के किंवा 2024 साठी 2,759 डॉलर, यातली जी रक्कम कमी ती आधी बाजूला काढायची, वर जे उरेल त्याच्या, 2024 च्या दराने, 15 टक्के केंद्राच्या टॅक्समधून कमी व्हायचे आणि त्याच्यावर प्रांताचं थोडंसं. माझं उत्पन्न 48 हजार, 3 टक्के म्हणजे 1,440, उरले 1,755, त्याचे 15 टक्के 263, ओंटारिओचं धरून साडेतीनशेच्या आसपास. नवऱ्याचं उत्पन्न जास्त म्हणून त्याच्या नावावर टाकला असता तर अजून कमी मिळाले असते, म्हणून असा खर्च बहुतेक कमी कमावणाऱ्याच्या नावावर टाकतात. 3,195 गेले आणि साडेतीनशे आले. आले ते बरंच झालं, पण भावाला वाटतं तसं सरकार आमचे दात बसवून देत नाही.

आणि हेही, वेंगुर्ल्याचं बिल चालतं. तिथला डॉक्टर तिथल्या कायद्याने रजिस्टर्ड असला की झालं. फक्त मी डॉक्टरांकडे रीतसर पावती मागितली, नाव, तारीख, काय काम केलं, रजिस्ट्रेशन नंबर, शिक्का, तेव्हा ते म्हणाले इथे कोण मागत नाही हो, आणि पॅडवर लिहायला घेतलं, मी थांबून सगळं नीट लिहून घेतलं. पण आईच्या कवळीचं बिल मात्र मी पैसे भरले तरी इथे दाखवता येत नाही, कारण आईवडील कॅनडात राहणारे असतील तरच त्यांचा खर्च धरतात. माझी दाढ वेंगुर्ल्यात केलेली चालते आणि आईचे दात चालत नाहीत. आईवडिलांना मागे ठेवून आलेल्या आम्हा सगळ्यांना हे टोचतं, निदान मला तरी टोचतं.

तिकडे काय आहे? जुन्या रिजीममध्ये आयकराच्या 80डी कलमाखाली, 60 च्या वरच्या माणसाकडे मेडिक्लेम नसेल तर त्याच्या वैद्यकीय खर्चाची 50 हजारांपर्यंत वजावट मिळते, मुलाने आईबापांसाठी केला तरी. कायद्यात दात वगळलेले नाहीत. पण रोखीने दिलेले पैसे चालत नाहीत, आणि आमच्याकडे कवळीचे पैसे बाबांनी पाकिटात घालून नेले होते. शिवाय बाबांचं पेन्शन वर्षाला साडेसहा लाखांच्या आत, नव्या रिजीममध्ये त्यांना टॅक्स शून्य, मग वजा कशातून करणार? म्हणजे वहिनीचा हिशोब बरोबर आहे. पण त्यातून ती जे काढते, की मग प्रश्नच मिटला, ते मला पटत नाही. टॅक्स शून्य झाला तरी 32 हजार गेलेच की.

मेडिक्लेमचंही तेच. वैयक्तिक पॉलिसीच्या प्रीमियमवरचा जीएसटी सप्टेंबर 2025 मध्ये काढला, चांगलं झालं, पण बहुतेक पॉलिसीत दात येतातच कुठे, अपघातात तोंडाला लागलं तर वेगळं. माझ्या मामेभावाच्या दाढेत पू झाला, चेहरा सुजला, त्याने क्लेम टाकला तर कंपनीने 'डेंटल' एवढाच शब्द लिहून परत पाठवला.

भावाला माझं एवढंच सांगणं आहे की वजावट मागू नको, ती टॅक्स भरणाऱ्यालाच मिळते. आमच्या गावात टॅक्स भरतो कोण? रापणीवर मासे ओढायला जाणारे, आंब्याच्या बागेत राखणीला असणारे, काजूच्या फॅक्टरीत बिया सोलणाऱ्या बायका, आणि मशेरी लावून लावून हिरड्या गेलेल्या आमच्या म्हाताऱ्या. त्यांना 80डी काय कामाचं. दाढ दुखली की लवंग ठेवायची, मग गोळी, मग काढून टाकायची, हाच रस्ता. ज्याला जमतं तो बांबोळीला जातो गोव्याच्या डेंटल कॉलेजात, एसटी पकडून, एक दिवसाची मजुरी बुडवून, आणि रूट कॅनलला दोन-तीन खेपा लागतात म्हटल्यावर दुसऱ्या खेपेला काढूनच घेतो.

कॅनडात ही वजावट कितीतरी वर्षं आहे. तरी सुमारे 90 लाख लोक दातांच्या विम्याशिवाय होते, आणि शेवटी सरकारला डिसेंबर 2023 मध्ये थेट योजना आणावी लागली. विमा नसेल आणि कुटुंबाचं उत्पन्न 90 हजार डॉलरच्या खाली असेल तर सरकार डॉक्टरला परस्पर पैसे देतं, 70 हजारांच्या खाली असेल तर ठरलेल्या दरात आपला वाटा शून्य, फक्त डॉक्टरने त्या दरापेक्षा जास्त लावलं तर वरचं आपल्याला. आम्ही दोघं मिळून 90 च्या वर म्हणून आम्हाला नाही, पण शेजारच्या पंजाबी आजींचे वरचे दात त्यातच झाले, आणि मला त्याचा जराही हेवा वाटला नाही, कारण माझ्या साडेतीनशेपेक्षा तिचं जेवण महत्त्वाचं. आपल्याकडेही मागायचं तर हेच मागावं, तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात रोज बसणारा दातांचा डॉक्टर, नुसता दाढ काढणारा नाही, रूट कॅनल आणि कवळी करून देणारा, आणि 70 च्या वरच्यांना आयुष्मानमध्ये 5 लाखांचं कव्हर दिलंय ना, त्यात साधी कवळी धरा.

आई दोन वर्षं उकड्या तांदळाच्या पेजेवर होती. कवळी करूया म्हटलं की म्हणायची, "ह्या वयात दात घेऊन काय करतलंय मी." पैसे वाचवत होती, दुसरं काही नाही. परवा व्हिडिओ कॉलवर तिने मला कोंबडी-वडे दाखवले, हळूहळू चावत होती, खालची कवळी अजून टोचते म्हणाली, घासून घ्यायला पुढच्या सोमवारी जाणार आहे. भावाला सांगितलंय, या वेळी पैसे यूपीआयने दे आणि पावती घे.