पऱ्हाटीचं तेल ट्रॅक्टरमध्ये ओतू नका

सध्या एक मेसेज फिरतोय: पत्र्याच्या ड्रममध्ये पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या, भरा, हवा बंद करा, खालून जाळ घाला, निघालेलं काळं तेल निम्म्या डिझेलमध्ये मिसळून ट्रॅक्टरला वापरा, प्लास्टिकपासून निघतं तसंच हे डिझेल आहे आणि पानिपतलाही हेच करतात. वाचून काळजी वाटली, कारण पंप जाईल तो शेतकऱ्याचाच.

तेल निघतं, हे खरंय. पण ड्रम हळूहळू तापतो, त्यामुळे कोळसा जास्त पडतो आणि द्रव पाणचट येतो. जास्त तेल हवं तर बारीक भुसा ५०० अंशांच्या आसपास झटकन तापवून वाफ लगेच थंड करावी लागते, ते ड्रमचं काम नाही.

प्लास्टिकशी तुलना तर साफ चुकीची. पॉलिथिनमध्ये फक्त कार्बन आणि हायड्रोजन असतो, पऱ्हाटीत वजनाच्या ४० टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो आणि तो तेलातही उतरतो, सगळी गोम इथंच आहे. त्याच्यामुळेच तेलात अॅसिडं येतात, पीएच २ ते ३, शिवाय १५ ते ३० टक्के पाणी, किलोमागे ऊर्जा डिझेलच्या निम्म्याहूनही कमी, आणि ठेवलं की महिन्यागणिक घट्ट होत जातं. डिझेलमध्ये तर ते मिसळतच नाही, वेगळा थर होतो, आणि तोच थर पंपात, नोझलमध्ये गेला की गंज आणि चिकटा.

यापासून चांगलं इंधन होतच नाही असं मी म्हणत नाहीये! होतं, पण हा ऑक्सिजन काढावा लागतो: एकतर ३०० ते ४०० अंशांवर, प्रचंड दाबाखाली, निकेल-मॉलिब्डेनमसारख्या कॅटॅलिस्टवर (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थावर) हायड्रोजन द्यायचा म्हणजे ऑक्सिजन पाणी होऊन निघतो, नाहीतर गरम वाफच झिओलाइट नावाच्या कॅटॅलिस्टवरून न्यायची. दुसऱ्यात हायड्रोजन लागत नाही, पण कॅटॅलिस्टवर काजळी धरते आणि तेल कमी हाती येतं. हे रिफायनरीचं काम आहे, गोठ्यामागचं नाही.

आणि पानिपतचं म्हणाल तर ऑगस्ट २०२२ मध्ये इंडियन ऑइलचा जो प्लांट देशाला अर्पण झाला तिथं भाताच्या काडापासून साखर सोडवून, ती आंबवून इथेनॉल करतात. जाळून तेल काढणं तिथं नाहीच.

पऱ्हाटी बांधावर पेटवण्यापेक्षा ब्रिकेट, म्हणजे जळणाचे दाबून केलेले ठोकळे, बनवणाऱ्याला दिलेली बरी, बॉयलरला चालते. ड्रमच्या गॅसमध्ये मात्र कार्बन मोनॉक्साइड असतो, बंद शेडमध्ये जीव जाऊ शकतो. आणि तेल टाकीत आधीच ओतलं असेल तर इंजिन चालू करू नका, टाकी रिकामी करा, फिल्टर बदला आणि पंप मेकॅनिकला दाखवा.