मुंबई बघायला आलात की भाव करायला?

आई-बाबा मुंबईत आले की माझं डोकं फिरतं. सोमवारी घारापुरीची लेणी बंद, बुधवारी राणीची बाग बंद, आणि आईला सिद्धिविनायक मंगळवारीच हवा. म्हणजे रांग! गेटवेसमोर उभा राहून मी १९२४ सालचं उद्घाटन सांगतोय, तर बाबांचं लक्ष चहावाल्याकडे. "एवढुशा कपाचे वीस रुपये? लुटतात रे!" टॅक्सी नको, लोकलच हवी, तीही ऐन संध्याकाळी सहाला, चर्चगेटहून, दशम्यांची पिशवी सांभाळत. हॉटेलात नेलं तर मेन्यूकार्डावर आधी उजवीकडचे आकडे वाचायचे आणि म्हणायचं, "मला भूकच नाही." मग रात्री दहाला घरी पिठलं टाकायचं! वर गावाकडे फोन: "कुठलं काय, पोराला वेळच नाही."