सेट, सेट, सेट

इंग्रजीतली काही क्रियापदं दिसायला फार गरीब. कट-कट-कट, पुट-पुट-पुट, सेट-सेट-सेट. तिन्ही रूपांत एकच सदरा. पाचवीत एबीसीडी गिरवायला घेतलेल्या आमच्या पिढीला गो-वेन्ट-गॉनने इतकं छळलं होतं, की ही मंडळी पाठांतरात आली की अख्ख्या वर्गाचा आवाज चढायचा. त्यातलं सेट आतून किती डांबरट आहे, हे आत्याला इंग्रजी शिकवायची पाळी माझ्यावर आली तेव्हा कळलं.

आत्या लेकीकडे न्यू जर्सीला निघाली होती. तिथल्या नाती मराठी समजतात, पण उत्तर इंग्रजीत देतात. "उलट उत्तर दिलं तर निदान कळलं तरी पाहिजे," एवढीच तिची माफक अपेक्षा.

म्हटलं, सोप्यापासून सुरू करू. द सन सेट्स, सूर्य मावळतो. तिने वहीत लिहिलं : सेट म्हणजे मावळणे.

"आता, सेट द टेबल."

"टेबल कसं मावळेल?"

तिथे मांडणे, म्हटलं. डॉक्टर हाड सेट करतो तेव्हा बसवणे. जेली सेट होते तेव्हा घट्ट होणे. सेट ऑफ म्हणजे निघणे. पोपटाला सेट फ्री केलं की सोडून देणे.

आत्याने चष्मा काढला. "बसवतो तोच, निघतो तोच, आणि मध्येच मावळतोही तोच? असल्या माणसाला आपल्या घरात कुणी दोन दिवस ठेवून घेतलं नसतं."

मी ऑक्सफर्डच्या आड लपलो. तिथल्या मोठ्या कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ची, २० खंडांची. त्यात सगळ्यात लांबलचक नोंद या सेटचीच, अर्थ ४३०च्या घरात. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात 'रन' ६४५ अर्थ घेऊन पुढे गेलं. (पळणाराच पुढे जाणार, त्यात नवल ते काय!) आपण मात्र या ढिगातून नेमका एकच अर्थ उचलून रोजच्या मराठीत आणला : पोराला नोकरी लागली, फ्लॅटचा ताबा मिळाला, लाईफ सेट. बाकीचे साहेबाला साभार परत.

४३० ऐकून आत्या घाबरेल असं मला वाटलं होतं. तिने उलटतपासणी सुरू केली.

"जेली घट्ट होते म्हणालास. आपलं दही काय होतं?"

"लागतं."

"गजर सेट करतात ना? आपण लावतो. सापळा?"

"लावतो."

"आग?"

"लावतो." सेट फायर मला आत्ता आठवलं.

"गाण्याला चाल?"

इथे मी दचकलो. सेट टू म्युझिक! मग पाऊस सेट इन होतो, म्हणजे लागतो. आणि सेट आउट झालेला माणूस वाटेला लागतो.

"मग सरळ सांगायचंस की लावणे आणि लागणे. वहीची चार पानं फुकट घालवलीस."

"पण सूर्य कुठे लागतो?" मी शेवटचा दगड भिरकावला.

"त्याचं ऊन लागतं की."

खरं संकट यानंतर सुरू झालं. आत्याने सिद्धांत वापरात आणला. जेवायच्या वेळी "आय सेट हंगर." दुपारची झोप झाल्यावर "माय आय सेट." समोरच्या बिल्डिंगमधले काका आपले कोण, असं मी विचारलं, तर "ही सेट्स माय दीर." मी दुरुस्ती करू लागलो, की ती ऑक्सफर्डचा हवाला द्यायची. चारशे तीस अर्थांत आणखी तीन कुणाला जड होणार आहेत?

निघायच्या आदल्या दिवशी बॅग भरता भरता तिने विचारलं, "विमान लागलं, हे कसं सांगायचं?"

"गेटपाशी येऊन उभं राहिलं, असं ना?"

"नाही रे, मला लागलं तर. एसटी घाटात शिरली की मला लागते, हे तर विमान."

मी तिला 'आय अॅम फीलिंग सिक' लिहून दिलं. तिने ते दोनदा वाचलं, कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. "एवढं बोलेपर्यंत वेळ कुठला उरायला? मी आपली पिशवीच दाखवीन."