थेट दहाव्याला

ती गेली आणि मला पत्ताच नाही. म्हणजे लांबच्या नात्यात कसं होतं ना, गेल्याचं कोणी फोन करून सांगत नाही, ज्याला त्याला वाटतं दुसऱ्याने कळवलं असेल, आणि मग ग्रुपवर एकदम मेसेज पडतो, 'दहावा ओंकारेश्वरला, सकाळी आठ'. डिट्टो तसं, फक्त एका कादंबरीत. पान ४६४ वर पोरगी धडधाकट, भावाच्या जागी स्वतः जीव धोक्यात घालून निघालेली. पानं उलटली तर ४८१. आणि ४८१ वर सगळी मंडळी तोंडं पाडून बसलेली, कोणी कोणाशी बोलत नाही, हिरो भिंतीकडे बघतोय आणि काय झालं ते सांगायला एकही माणूस तयार नाही, कारण त्यांचं सगळं सांगून झालेलं होतं. मधल्या सोळा पानांत. जी माझ्या पुस्तकात नव्हती.

त्यांच्या जागी ४३३ ते ४४८ पुन्हा एकदा शिवली होती. शिवली कसली, चिकटवली होती.

आता कबुली देऊन टाकतो. मी बेचाळीस वर्षांचा, घराचा हप्ता आणि गुडघ्याचा एक्सरे असलेला माणूस आहे आणि मी अमेरिकेतल्या टीनएजर पोरींसाठी लिहिलेली प्रेमाची आणि बंडाची पुस्तकं वाचतो. दोष भाचीचा. मे महिन्यात राहायला आली आणि जाताना गादीखाली दोन पुस्तकं विसरली, डायव्हर्जंट आणि इन्सर्जंट. दुपारी लाइट गेली, मोबाइल चार टक्क्यांवर, सहज उघडलं आणि संपलो. व्हेरॉनिका रॉथ म्हणून बाई आहेत, त्यांनी पहिलं पुस्तक कॉलेजात शिकताना लिहिलं, २०११ ला ते आलं, २०१२ ला दुसरं, आणि २२ ऑक्टोबर २०१३ ला तिसरं आणि शेवटचं, अलीजंट. जगात पोरी तेव्हाच रडून मोकळ्या झाल्या. माझी पाळी आत्ता आली.

गोष्ट अशी की पडझड झालेलं शिकागो, त्यात पाच गट. निःस्वार्थी, शूर, हुशार, प्रेमळ आणि खरं बोलणारे. सोळाव्या वर्षी सगळ्यांसमोर हात कापून रक्ताचा थेंब एका भांड्यात टाकायचा आणि गट निवडायचा, मग आई-बाप सुटले. आपल्याकडे दहावीनंतर सायन्स की कॉमर्स यावर रक्त निघतंच, फक्त भांडं नसतं. ट्रिस नावाची पोरगी निःस्वार्थी घरातून उठून शूरांत जाते, तिथे तिला फोर भेटतो, पुढे धावत्या ट्रेनमधून उड्या वगैरे. मी सांगतोय तेवढं बाळबोध नाहीये ते, किंवा असेलही, पण मी ऑफिसच्या डब्याच्या वेळेत वाचायचो आणि माझी भाजी गार व्हायची.

तिसरा भाग भाचीकडेच नव्हता, मैत्रिणीकडे होता. "मामा, शेवट सांगू का?" म्हणाली तर मी फोनवर इतका ओरडलो की बहिणीने फोन घेतला. ऑनलाइन चार दिवस लागणार होते. चार दिवस कोण थांबतो, म्हणून एफसी रोडच्या फूटपाथवरून घेतलं. एकशे ऐंशी म्हणाला, दीडशेला दिलं. कव्हर चकाचक, आत कागद रद्दीपेक्षा एक पायरी वर, उघडलं की फेविकॉलचा वास. हो, पायरेटेड आहे ते मला कळत होतं. शंभर-दोनशे रुपये वाचवायला मी लेखिकेला फसवलं, आणि ज्याने मला मदत केली त्याने मला फसवलं, हे सगळं बायकोने मला आधीच सांगून झालंय, कमेंटमध्ये नको.

खरं तर मला आधीच वास यायला हवा होता. पहिली दोन्ही पुस्तकं ट्रिस स्वतः सांगते. तिसऱ्यात मध्येच फोर पण सांगायला लागतो, एक धडा ती, एक धडा तो. आणि दोघं इतके सारखे बोलतात की मला दर वेळी मागे जाऊन वर कोणाचं नाव लिहिलंय ते बघावं लागायचं. मला वाटलं व्हरायटी म्हणून केलं असेल. आमच्या ऑफिसात सावंतांच्या टेबलाला टेबल लावून नवीन पोरगा बसवला तेव्हा सावंतांनाही असंच वाटलं होतं. रिटायरमेंटला दोन महिने होते त्यांच्या.

तर रविवारी रात्री पावणेएकला मी ४८१ वर. आधी मी म्हटलं फोरचा मित्र युराया गेला, कारण तो बिचारा आधीपासून बेशुद्ध पडून होता. मी युरायासाठी मनापासून वाईट वाटून घेतलं. मग फोर आठवणी पुसायचं औषध घेऊन बसला, सगळं विसरून जायचं म्हणून, तेव्हा जरा चुकचुकलं, की मित्रासाठी एवढं? आणि ट्रिस कुठे आहे, ती का नाही समजावत याला? पाच पानं मी ट्रिसची वाट बघत होतो हो. मला वाटलं गावाला गेली असेल.

कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन उभ्याने शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. झोप तर उडालीच होती, म्हटलं सिनेमा आहे ना, त्यात तरी बघू कशी गेली ते. २०१६ चा अलीजंट, दोन तासांचा, रात्री तीनपर्यंत पाहिला. तर कळलं काय, की त्यांनी शेवटच्या पुस्तकाचे दोन भाग पाडले होते, पैसे डबल व्हावेत म्हणून, पहिल्या भागाने गल्ला जमवला नाही आणि दुसरा कधी बनलाच नाही. नाव ठरलं होतं, असेंडंट. म्हणजे सिनेमावाल्यांचाही शेवटचा फर्मा, म्हणजे छापील पानांचा गठ्ठाच, गायब! त्यांच्याकडे ट्रिस अजून धडधाकट उभी आहे आणि पुढचं कोणालाच बघायला मिळणार नाहीये.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून लवकर निघून एफसी रोड. पोरगा तोच, टोपी उलटी, मोबाइलवर मॅच.

मी म्हटलं, यात पानं नाहीत.

त्याने पुस्तक घेतलं, तळहातावर आपटलं, जाडी बघितली. "सर, जाड तर आहे."

"तीच पानं दोनदा आहेत. मधली सोळा नाहीत."

"मग सर, मोजून तर बरोबरच भरली ना."

याच्यावर काय बोलायचं? मी दुसरी प्रत मागितली. त्याने खालून काढली, मी ४६४ उघडलं, पुढे ४३३. तिसरी काढली, ४३३. पोरगा शांतपणे म्हणाला, "लॉटच तसा आहे सर. पण कोणीच आलं नाय परत. एक मॅडम तर बोलल्या, शेवट भारी आहे."

इथे माझा आवाज चढला. मी म्हटलं, अरे ती गेली आणि मला शेवटचं बघायला पण मिळालं नाही! सगळे रडतायत आणि मला कोणी सांगतच नाही कोण गेलंय, पाच पानं मी दुसऱ्याच माणसासाठी...

"कोण गेलं हो?"

बाजूला एक काका. चेक्सचा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, कापडी पिशवीतून मेथीची जुडी बाहेर आलेली, हातात अ‍ॅटलास. मला एकदम काही सुचलं नाही. मी म्हटलं, "ट्रिस."

"तृषा? अरेरे. वय काय होतं?"

इथे मी सांगायला हवं होतं. मला मान्य आहे. पण रात्री तीनपर्यंत जागलेल्या माणसाला कोणीतरी पहिल्यांदाच नीट आवाजात विचारत होतं. सकाळी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, सिलिंडर लावून ठेव. मी म्हटलं, "सोळा."

काकांनी अ‍ॅटलास खाली ठेवला. "सोळा. काय हे. आजारी होती?"

"नाही. कशाने गेली तेच मला माहीत नाही. शिकागोला होती."

"गोळीबार असणार," काका लगेच म्हणाले, "तिकडे फार झालंय ते. माझा साडू न्यू जर्सीला आहे, तो संध्याकाळी सातनंतर पाव आणायला पण जात नाही. आई-वडील कुठे असतात?"

"ते आधीच गेले. दोघंही. एकाच दिवशी." पहिल्या पुस्तकात, हे मी मनात म्हटलं.

"अरे देवा. मग आहे कोण मागे?"

"भाऊ आहे. खरं तर जायचं होतं त्यालाच. ती म्हणाली तू थांब, मी जाते."

"सख्खा?"

"सख्खा. पण तो मध्यंतरी शत्रूला मिळाला होता, हिला मारायलाच निघाले होते ते लोक, हा त्यांच्या बाजूने."

काकांनी मान हलवली. फार वेळ हलवली. "प्रॉपर्टी," ते म्हणाले. "दुसरं काही नसतं. शिकागो असो की शिरूर असो." मग आवाज खाली आणून, "तिचं कुठे जमलं वगैरे होतं का? हल्ली असतं, म्हणून विचारतो."

"होता एक मुलगा. फोर म्हणून."

"चार?"

"हो."

"चार मुलगे?"

"नाही नाही, एकच. नावच चार."

काकांनी क्षणभर विचार केला. मला वाटलं आता सुटलो, आता कळलं यांना. तर म्हणाले, "असतं, असतं. आमच्या वाड्यात एकाला पावणेदोन म्हणायचे. शेवटपर्यंत त्याचं खरं नाव कोणाला कळलं नाही, मयताच्या पासावर कळलं. श्रीधर होता." आणि मग पावणेदोनची पूर्ण हकिगत, त्याला पावणेदोन का म्हणायचे (शाळेतून रोज पावणेदोनला पळायचा), त्याची बायको, तिचं माहेर वाईचं, त्याने जिन्याखाली ठेवलेली सायकल आणि त्यावरून मालकाशी झालेली कोर्टकचेरी. आठ मिनिटं. टोपीवाल्या पोराने मॅच पॉज केली होती. मी दोन-तीनदा "काका, अहो ते पुस्तकातलं" म्हणायला तोंड उघडलं, पण काकांच्या डोळ्यांत पावणेदोनसाठी पाणी आलं होतं, आता कसं सांगणार?

मग ते पोराकडे वळले. "काय रे, यांचं काय म्हणणं आहे?"

"पैसे परत मागतायत."

"मग दे की! माणसाच्या घरी काय झालंय, तू कुठे दीडशे रुपयांत बसलायस."

पोराने माझ्याकडे बघितलं. त्याला सगळं कळलं होतं. पुस्तकं विकतो तो, पाठीमागचा मजकूर रोज वाचत असणार. त्याने एक शब्द न बोलता शंभराची नोट काढली, वर दहाच्या दोन, आणि माझ्या हातात ठेवून म्हणाला, "वाईट झालं सर."

असं माझ्या तोंडावर आयुष्यात कोणी बोललेलं नाही. बॉससुद्धा नाही. आणि तीस रुपये कापलेच.

काकांनी खांद्यावर थोपटलं, "दहा दिवस जड जातात, मग जातं हळूहळू," म्हणाले आणि अ‍ॅटलासचे चाळीस रुपये जास्त आहेत म्हणून पोराशी भांडायला लागले.

मी गाडीवर बसून राहिलो. मला राग नक्की कशाचा येतोय तेच ठरेना. पोराचा येत होता. पण बाईंचाही येत होता. तीन पुस्तकं तुम्ही आम्हाला तिच्या डोक्यात बसवता, तिला काय वाटतं, ती कशाला घाबरते, आणि मग आम्हाला तिच्या डोक्यातून काढून फोरच्या डोक्यात बसवून तिची राख उडवायला नेता, हँकॉक नावाच्या उंच बिल्डिंगवरून, दोरीला लटकून. तिथे पहिल्या भागात ती आनंदाने ओरडत गेली होती, म्हणून. तेवढं मात्र चांगलं लिहिलंय, ते माझ्या प्रतीत होतं. पण त्याआधी त्या तिसऱ्या भागात केवढं पाल्हाळ! शहर म्हणजे एक प्रयोग होता, विमानतळावर बसलेले लोक स्क्रीनवर यांना बघत होते, आणि माणसं दोन प्रकारची, शुद्ध जीन्सवाली आणि बिघडलेल्या जीन्सवाली, आणि बिघडलेल्यांनी झाडू मारायचा. ट्रिसला हे ऐकून केवढा धक्का. मी म्हटलं बाळा, तू शिकागोत वाढलीस म्हणून, आमच्याकडे ये, इथे रविवारच्या पेपरात स्थळांचं पान वाच.

शेवटी भाचीला फोन केला. ती आधी तीन मिनिटं हसली. मग मैत्रिणीकडून पुस्तक आणवून सोळा पानांचे फोटो पाठवले, उलटसुलट क्रमाने, दोन आडवे. मी पार्किंगमध्ये उभा राहून वाचले. ती भावाच्या जागी जिथे निघाली होती तिथल्या विषारी वाफेने मरते म्हणून सगळ्यांनी धरून चाललेलं, तर त्याने मरत नाही पोरगी, त्यातून चालत बाहेर येते! आणि पुढच्या खोलीत व्हीलचेअरवर बसलेला एक माणूस गोळी घालतो. (काका बरोबर होते.) तरी ती सरपटत जाऊन त्या आठवणी पुसायच्या औषधाचं बटण दाबते, आणि मग तिला न्यायला आई येते, ती गेलेली आई, जवळ बसते आणि काहीतरी म्हणते.

काय म्हणते ते मला सांगता येणार नाही, कारण तिथे भाचीचा अंगठा आहे. काळं नेलपॉलिश, अर्धं उडालेलं, आणि त्याच्याखाली दीड ओळ. मी लगेच मेसेज केला की हा एक फोटो अंगठा काढून परत पाठव. आज चौथा दिवस. दोन निळ्या टिका आहेत.