‘वय अधिक शंभर’वाल्या त्या फॉरवर्डला एका फिजिशियनचं उत्तर

गेल्या दीड-दोन महिन्यांत हा मेसेज मला किमान पंधरा जणांनी दाखवलाय, त्यात दोन माझे नातेवाईक आणि एक आमच्याच वॉर्डातला ब्रदर. मेसेज थोडक्यात असा: बीपी आणि शुगर हे आजारच नाहीत, औषध कंपन्यांनी नॉर्मलचे आकडे खाली आणून आपल्याला पेशंट बनवलं, वयात शंभर मिळवा, तेवढं बीपी नॉर्मल, गोळी एकदा लागली की जन्मभर सुटत नाही, या गोळ्यांनीच किडनी जाते, त्यापेक्षा सकाळी कारल्याचा नाहीतर दुधीचा रस घ्या, साधं मीठ सोडून सैंधव खा, आणि काही त्रास होत नसेल तर गोळ्या आजच बंद करा. शेवटी हात जोडलेले दोन इमोजी आणि ‘जनहितार्थ’.

मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी हॉस्पिटलमध्ये मेडिसिन बघते, म्हणजे लोक ज्याला एमडी फिजिशियन म्हणतात ते. ओपीडीत एकेकाच्या वाट्याला पाच मिनिटं येतात, त्यात बीपी बघायचं, रिपोर्ट बघायचे, चिठ्ठी लिहायची, हे सगळं समजावून सांगणं राहूनच जातं. म्हणून एकदाच लिहून टाकते.

‘आकडे कंपन्यांनी बदलले’

आकडे बदलले हे खरंय, त्यात लपवायचं काही नाही. उपाशीपोटी साखर १४० किंवा वर असेल तर डायबिटीस, असं १९७९ पासून धरत होते, १९९७ मध्ये अमेरिकन डायबिटीस असोसिएशनने तो आकडा १२६ केला. मेसेज इथेच थांबतो, का केला ते सांगत नाही. झालं असं की जेवणानंतरची, म्हणजे ग्लुकोज पाजून दोन तासांनी बघतात ती साखर २०० च्या वर जायची पण उपाशीपोटीची १४० च्या खालीच राहायची, असे बरेच लोक सापडत होते. म्हणजे एका टेस्टमध्ये डायबिटीस आणि दुसरीत नाही. मग हजारो लोकांच्या डोळ्यांचे पडदे तपासलेले होते ते पाहिले, कुठल्या साखरेपासून पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसायला लागतात, तर ती रेघ १४० च्या बरीच खाली निघाली. आणि गंमत म्हणजे दोन तासांनंतरचा २०० चा आकडा तेव्हाही तोच होता, आजही तोच आहे, तो कुणी खाली आणला नाही. कंपन्यांना आणायचाच होता तर तो का सोडला?

बीपीचं म्हणाल तर २०१७ मध्ये अमेरिकेत १३०/८० ची रेघ आली, पण आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात आजही १४०/९० च धरतात. मी स्वतः १३४ वाल्याला, बाकी काही नसेल तर, गोळी देत नाही. मीठ कमी कर, चाल, तंबाखू सोड, तीन महिन्यांनी ये, एवढंच सांगते, आणि त्यावर पेशंटच नाराज होतो की मॅडमनी औषधच लिहिलं नाही.

धंद्याचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. पहिल्याच व्हिजिटला सात औषधांची चिठ्ठी, त्यात दोन व्हिटॅमिनच्या, एक प्रोटीन पावडर, हे मीही रोज बघते आणि लाज वाटते. पण ज्या गोळ्या तुम्ही बंद करायला निघालात त्या बीपीची अॅम्लोडिपिन, शुगरची मेटफॉर्मिन. यांची पेटंटं कधीच संपलीत, सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. मेटफॉर्मिन तर पॅरिसच्या जाँ स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी १९५७ साली पेशंटवर वापरून छापलेलं औषध, आणि त्याचं मूळ युरोपातल्या एका जांभळ्या फुलांच्या झुडपात, जे तिकडचे लोक जुन्या काळी लघवी फार होणाऱ्यांना देत. म्हणजे ‘नैसर्गिक’च हवं असेल तर तेच घेताय.

‘वयात शंभर मिळवा’

हे कुणी हवेतून काढलेलं नाही, एके काळी डॉक्टरच असं मानायचे. वय वाढलं की नळ्या कडक होतात, मग रक्त पुढे ढकलायला जास्त प्रेशर लागणारच, ते शरीराला हवंच असतं, अशी समजूत होती, इतकी की या आजाराच्या नावातच, ‘इसेन्शियल हायपरटेन्शन’मध्ये, ‘इसेन्शियल’ म्हणजे आवश्यक हा शब्द येऊन बसला.

त्या समजुतीचं सगळ्यात प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट. १९३७ साली बीपी १६२/९८, तेव्हा वय ५५, म्हणजे फॉर्म्युल्याने जवळजवळ नॉर्मलच. १९४१ ला १८८/१०५. त्यांचे खाजगी डॉक्टर वयाच्या मानाने तब्येत उत्तम आहे असंच लोकांना सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन गेले, त्या दिवशीचं बीपी ३००/१९०. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला तेव्हा देण्यासारखी धड गोळीच नव्हती, आणि आज आपल्याकडे ती स्ट्रिपमध्ये पडलेली असते नि आपण फॉरवर्ड वाचून ती कचऱ्यात टाकतो.

पुढे हे नीट तपासलं गेलं. साठीच्या पुढचे साडेचार हजारांवर लोक घेतले, ज्यांचं फक्त वरचं बीपी १६० च्या पुढे, खालचं नॉर्मल, म्हणजे अगदी ‘वय अधिक शंभर’वाली मंडळी. निम्म्यांना क्लोरथॅलिडोन नावाची जुनीपुराणी लघवीची गोळी (लघवी वाढवून बीपी उतरवते ती), निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी. १९९१ मध्ये निकाल आला, गोळीवाल्यांत लकवा ३६ टक्क्यांनी कमी. मग म्हणाले ठीक आहे, पण ऐंशीच्या पुढे काय? २००८ मध्ये तेही आलं, ऐंशीच्या पुढच्या लोकांचा तो अभ्यास वेळेआधीच थांबवावा लागला, कारण खोट्या गोळीवाल्या गटात मृत्यू जास्त होत होते आणि त्यांना तसंच ठेवणं बरोबर नव्हतं.

यात एक पोटकलम आहे. म्हाताऱ्या माणसाचं बीपी ओढूनताणून ११० ला आणायचं नसतं. रात्री बाथरूमला उठतात, भोवळ येते, खुब्याचं हाड मोडतं. घरात कुणी असं अडखळत असेल तर बसून आणि उभं राहून, दोन्ही बीपी मोजायला सांगा, फरक मोठा असेल तर डोस कमी करावा लागतो.

‘गोळीची सवय लागते’

बांधकामाचा खड्डा खणलाय, खाली पाण्याचा झरा लागलाय, मोटर लावून पाणी उपसताय. मोटर बंद केली, खड्डा परत भरला. आता याला खड्ड्याला मोटरची सवय लागली असं म्हणणार का? झरा चालूच होता. बीपीची गोळी बंद केल्यावर बीपी वर जातं ते तसंच आहे.

आणि कुणाची सुटतच नाही असंही नाही. दहा-बारा किलो वजन उतरवून गोळ्या निम्म्या झालेले, बंद झालेले लोक माझ्याकडे आहेत. डायबिटीसचं म्हणाल तर ब्रिटनमधल्या २०१७ च्या अभ्यासात डायबिटीस होऊन सहा वर्षांच्या आत असलेल्या जाड लोकांचं कडक डाएटने वजन उतरवलं, तर वर्षाने जवळपास निम्म्यांची साखर गोळीशिवाय ताब्यात होती. पण त्यांनी गोळी डॉक्टरांच्या नजरेखाली बंद केली होती, साखर मोजत मोजत, मेसेज वाचून नाही. काही गोळ्या तर अशा आहेत, मेटोप्रोलॉल, क्लोनिडिन, की त्या एकदम तोडल्या तर बीपी नाहीतर ठोके आधीपेक्षाही वर उसळतात. तुमची कुठली आहे ते स्ट्रिपवर वाचा आणि बंद करायच्या आधी एक फोन करा, एवढंच मागणं आहे.

‘गोळ्यांनी किडनी जाते’

हा मुद्दा सगळ्यात जास्त पटतो लोकांना, कारण डोळ्यांनी दिसतो. शेजारच्या मामांना पंधरा वर्षं शुगरच्या गोळ्या चालू होत्या, मग डायलिसिस लागलं, झालं सिद्ध. पण पंधरा वर्षं त्यांना शुगरही होती ना? किडनीच्या बारीक गाळण्या साखरेने आणि प्रेशरने खराब होतात. रामिप्रिल, टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्या तर लघवीतून जाणारं प्रोटीन कमी करतात, म्हणजे किडनीला आधारच देतात. त्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रक्तातला आकडा, थोडं वर जातं, घाबरू नका, पण ते आणि पोटॅशियम दोन-तीन आठवड्यांनी परत तपासा. मेटफॉर्मिन किडनी खराब करत नाही. किडनी आधीच फार कमजोर असेल तर ते अंगात साठतं, म्हणून आम्ही थांबवतो, आणि पेशंटला वाटतं बघा, किडनीला वाईट म्हणूनच बंद केली. हां, मेटफॉर्मिनने वर्षानुवर्षांत व्हिटॅमिन बी-१२ कमी होतं, पायांना मुंग्या येतात, ते अधूनमधून तपासायला हवं.

किडनीचा खरा चोर घरात असतो आणि त्याच्याविरुद्ध कधी मेसेज येत नाही. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी, रोज एक, कधी दोन, चार-चार वर्षं. आपल्याकडची गिधाडं कशाने संपली माहितीय? मेलेल्या जनावरांच्या मांसात हेच डायक्लोफिनॅक असायचं, गिधाडांच्या किडन्या बंद पडायच्या. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, मान्य, पण बीपीची गोळी, लघवीची गोळी आणि वर ही पेनकिलर, उलट्या-जुलाब चालू असताना, असा पेशंट मे महिन्यात आला की क्रिएटिनिन किती असेल याचा मला आधीच अंदाज असतो.

रस आणि सैंधव

कारल्याने साखर थोडी उतरते, नाही असं नाही, पण किती ते दररोजच्या कारल्यावर अवलंबून, भरवसा नाही. कारल्याची भाजी खा की, आम्हीही खातो. ग्लिमेपिराईड ही शुगरची गोळी चालू असताना उपाशीपोटी ग्लासभर रस नको, साखर पन्नासावर येऊन दरदरून घाम फुटतो. दुधीचं जास्त गंभीर आहे. कडू निघालेल्या दुधीत विष असतं, त्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन आपल्या देशात माणसं गेलीत. आधी एक घोट चाखा, कडू लागला तर थुंका आणि सगळा ओतून द्या. ‘कडू आहे म्हणजे औषधी आहे’ असं म्हणून डोळे मिटून पिणारे पाहिलेत म्हणून सांगते.

सैंधव हेही मीठच, सोडियम क्लोराईडच, रंग गुलाबी. वर आयोडीनही मिळत नाही. दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅम, एक लहान चमचा, ही डब्ल्यूएचओची मर्यादा, आणि ती लोणचं, पापड, फरसाण, ठेचा यांत दुपारीच संपलेली असते.

‘त्रास नाही तर गोळी कशाला’

बीपीला त्रास नसतोच, हीच तर पंचाईत आहे. आणि मोजताना घाई नको: पाच मिनिटं पाठ टेकून बसा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेकवलेला, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, गप्पा बंद. जिना चढून आलेल्या माणसाचं १७० असलेलं वरचं बीपी पंधरा मिनिटांनी १४२ झालेलं मी कितीदा पाहिलंय.

गेल्या महिन्यात एक रिटायर्ड एसटी कंडक्टर आले, ६१ वर्षांचे, बोलणं जड, उजवा हात उचलत नव्हता, बीपी २२०/१२०. सीटीत मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त. पाच आठवड्यांपूर्वी ‘काही त्रास नाही’ म्हणून अॅम्लोडिपिन बंद केलं होतं, मेसेज त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्याच फोनवर आला होता. चौथ्या दिवशी सिस्टर खलबत्त्यात गोळी कुटून पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून देत होत्या, काकू बाजूला उभ्या राहून बघत होत्या. मला हळूच विचारलं, मॅडम, ही तीच का हो, जी आम्ही बंद केली होती?

मी म्हटलं, हो काकू, तीच.