नीतिमत्तेच्या तासाला गैरहजर

एथिक्सच्या वेबिनारला पूर्ण तास बसूनही माझी हजेरी अर्ध्याच तासाची लागली. राग अजून उतरलेला नाही, तेव्हा भाषा सांभाळून घ्या.

टेक्ससमध्ये पीईचं, म्हणजे प्रोफेशनल इंजिनिअरचं, लायसन दर वर्षी रिन्यू करायचं तर १५ पीडीएच, म्हणजे शिकण्याचे १५ तास, दाखवावे लागतात. त्यातला निदान एक एथिक्सचा. आपलं आपण वाचून केलेला अभ्यास ५ तासांपर्यंतच धरतात. जास्तीचे तास पुढच्या वर्षी नेता येतात, पण १४ पर्यंतच. पंधरावाही नेऊ दिला तर माणूस पुढचं वर्षभर मोकाट सुटेल ना!

वेबिनारमध्ये मधूनमधून ‘तुम्ही आहात ना?’ अशी चौकट उगवते आणि मिनिटभरात तिच्यावर क्लिक करायचं असतं. गोम अशी, की स्लाइड फुल स्क्रीन केली की चौकट मागच्या विंडोत उघडते. पॉप-अप ब्लॉकर चालू असेल तर तिथेही नाही. म्हणजे जो डोळे फाडून स्लाइड बघतो तो गैरहजर, आणि जो खिडकी लहान करून शेजारी क्रिकेटचा स्कोअर लावतो तो हजर.

मदतीच्या चॅटवर एक बाई होत्या. अत्यंत गोड.

“तुम्ही दुसऱ्या अर्ध्या तासात उपस्थित नव्हता, असं सिस्टिम म्हणतेय.”

“मी त्याच अर्ध्या तासात प्रश्न विचारला. वक्त्यांनी माझं नाव घेऊन उत्तर दिलं. रेकॉर्डिंगमध्ये आहे.”

“छान! प्रश्न विचारल्याबद्दल आभार. पण प्रश्न विचारणं हा उपस्थितीचा पुरावा होत नाही.”

“मग मी नव्हतो तर विचारलं कुणी?”

“ते आम्हाला सांगता येणार नाही. प्रायव्हसी.”

यावर काय बोलणार? तरी बोललो. क्लिक करणारा मीच, हे कशावरून? बाई म्हणाल्या, तो तुमच्या प्रामाणिकपणाचा भाग आहे, आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. मग विश्वासाने तास द्या की! “त्यासाठी क्लिक लागेल.” शेवटी एक हसरा चेहरा.

प्रश्न काय होता तेही सांगतो, कारण त्याचं काहीच झालं नाही. एथिक्सचा तास म्हटला की कॅन्सस सिटीचं हयात रिजन्सी हॉटेल येणारच. १७ जुलै १९८१, दोन लटकते पूल कोसळून ११४ माणसं गेली. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून एकच सळई चौथ्या मजल्याच्या पुलातून खाली दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत जात होती. ती बदलून दोन तुकडे केले, खालचा पूल वरच्याला टांगला, आणि वरच्या बीमखालच्या नटवर दुप्पट भार आला. बीम म्हणजे दोन चॅनल, इंग्रजी C च्या आकाराचे पोलादी तुकडे, तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेले. नट त्या वेल्डमधूनच वर ओढला गेला. पण मूळचा जोडही बांधकामाच्या कोडच्या गरजेच्या सुमारे ६० टक्केच होता. मग दरवर्षी सगळा तास त्या बदलावरच का घालवता, एवढंच मी विचारलं. “उत्तम प्रश्न,” असं म्हणून वक्ते पुढच्या स्लाइडवर गेले.

खरं तर टेक्ससला एथिक्ससाठी कॅन्सस सिटीपर्यंत जायची गरज नाही. १८ मार्च १९३७ ला टेक्ससमधल्याच न्यू लंडन गावच्या शाळेखालच्या पोकळीत नैसर्गिक वायू साठला. त्याला वास नव्हता, कुणाला कळलंच नाही. स्फोटात सुमारे तीनशे जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर वायूला वास लावणं सक्तीचं झालं आणि इंजिनिअरला लायसन लागू लागलं, त्याच वर्षी. ज्या कागदासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तो त्या मुलांमुळे आहे. आणि आपण भांडतोय चौकटीवरून.

पण भांडणारच. एएससीई ७-२२ मध्ये, म्हणजे इमारतींवर कुठले भार धरायचे ते सांगणाऱ्या अमेरिकन मानकात, टोर्नेडोच्या भारांचं अख्खं नवं प्रकरण आलं, बत्तिसावं. एखाद्या हॉस्पिटलच्या डिझाइनसाठी ते ओळन् ओळ वाचून काढा, त्याचे तास शून्य, कारण ते नेहमीचं काम. उलट काँक्रीटमध्ये बोल्ट रोवायचे अँकर विकणाऱ्या एखाद्या कंपनीचा माणूस सँडविच घेऊन आला, पाऊण तास स्वतःच्या इपॉक्सीची तारीफ करून गेला, तर सर्टिफिकेट हातात. छापील, सहीसकट.

बाईंनी शेवटी तोडगा काढला: रेकॉर्डिंग पुन्हा बघा, मग दहा प्रश्नांची परीक्षा, ७० टक्क्यांना पास, हवे तितके प्रयत्न. फी वेगळी. पहिला प्रश्न असा: ‘इंजिनिअरने जनतेच्या सुरक्षिततेला प्राधान्य द्यावे. बरोबर की चूक?’

रागाच्या भरात ‘चूक’ दाबलं. तरी पास झालो.

सर्टिफिकेट उतरवून घ्यायच्या आधी अभिप्रायाचा फॉर्म भरावा लागतो. तो सक्तीचा आहे. त्यात ‘आमच्या मदतनीसाची वागणूक कशी वाटली’ याला पाचपैकी तारे. पाच दिले. लॉगमध्ये तारीख, विषय, देणारी संस्था, तास हे भरून सर्टिफिकेट तीन वर्षं जपायचंय. तोवर या बाईंशी वाकडं घेऊन चालणार नाही.